अर्ध्या विद्येचे फिटर

नवीन माणूस दारात आला की ते आधी त्याच्या चपलांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. आणि त्यानं काही विचारायच्या आतच सांगून टाकत, "मला अर्धंच येतंय. पुरं शिकायचं आसल तर मुंबयला जा. तितं पट्टे पन देतान."

बरेच जण तिथूनच मागे फिरत. पनवेलमध्ये तेव्हा कराटेच्या क्लासांचं पेव फुटलं होतं. शाळेच्या पटांगणावर पांढऱ्या कपड्यांतली मुलं रांगेत उभी राहून हवेत गुद्दे मारायची, कौलं फोडायची, आणि वर्षभरात कुणाच्या कमरेला हिरवा तर कुणाच्या कमरेला तपकिरी पट्टा दिसायला लागायचा. आमच्याकडे पट्टा नव्हता, पांढरे कपडे नव्हते, प्रशस्तिपत्रक नव्हतं. तळ्यामागच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत तुसानं भरलेल्या गोण्या एकमेकींना शिवून त्यांनी जमीन मऊ करून घेतली होती. त्यावर पडलं की तूस उडायचं, शिंका यायच्या, रात्री अंथरुणातसुद्धा अंग खाजत राहायचं. आम्ही अकरा बायका आठवड्यातून तीनदा तिथे पडायला जात असू. हो, पडायलाच. पहिले चार महिने त्यांनी आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही.

'सर' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. 'मास्तर'ही नाही. "फिटर म्हना," ते म्हणायचे. "ती विद्या माजी पुरी हाय."

ते इथलेच, जवळच्या गावातले, शेतकरी घरातले. वडिलांची जमीन नव्या वसाहतीत गेली आणि ते तळोज्याला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. ठेंगणी मूर्ती, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली, नखांत कायमचं ग्रीस. त्या कारखान्यात एकदा जपानहून मोठं यंत्र आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. तो दीड वर्ष राहिला. तो त्यांच्याकडची झुंजीची जुनी विद्या शिकलेला होता, जुजुत्सू. रोज संध्याकाळी सराव केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि सरावाला समोर माणूस लागतो. त्यानं खुणेनं विचारलं, कोण येतं? सगळे हसत बाजूला झाले. हे पुढे झाले.

"तुम्हीच का हो गेलात?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यो एकटा व्हता," फिटर म्हणाले. "संध्याकालचा एकटा मानूस लय वायट दिसतंय."

मग दीड वर्ष तो इंजिनिअर त्यांना फेकत राहिला आणि हे पडत राहिले. शेवटच्या दोनतीन महिन्यांत त्यानं पकड सोडवायची कशी ते दाखवलं. तेवढ्यात यंत्र सुरू झालं आणि तो मायदेशी गेला. फेकायचं कसं, मारायचं कसं, हे राहूनच गेलं. त्यामुळे फिटरांना जे येत होतं ते सगळं मार खाणाऱ्याच्या बाजूचं. पडावं कसं, सुटावं कसं, उठून पळावं कसं.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेत तुझे गुरुजी," माझे वडील म्हणायचे. पण मला तिथे जाऊ देण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

आम्ही तेव्हा गिरगाव सोडून नवीन पनवेलला राहायला आलो होतो. इमारती उभ्या होत्या, निम्म्या रिकाम्या. दिव्यांचे खांब उभे होते, दिवे नव्हते. मी मुंबईच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी बसनं पनवेलच्या स्टँडवर उतरायचं आणि रूळ ओलांडून पलीकडे घरी जायचं. एका संध्याकाळी रुळांजवळ एका माणसानं माझं मनगट धरलं. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही, आणि हेच मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. मागून दोन सायकलवाले आले म्हणून त्यानं हात सोडला. दुसऱ्या दिवसापासून वडील मला न्यायला स्टँडवर येऊ लागले. त्यांना वर्षभरापूर्वीच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. घराचे जिने चढताना त्यांना लागणारी धाप मला ऐकवेना. आमच्या खालच्या मजल्यावर एक सिस्टर राहत, फिटरांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्यांनीच मागे लागून फिटरांना हा बायकांचा वर्ग काढायला लावला होता. त्याच मला गिरणीत घेऊन गेल्या.

पहिल्या दिवशी मी मैत्रिणीचा सलवार-कमीज घालून गेले. फिटरांनी विचारलं, "कचेरीत काय नेसतंस?"

"साडी."

"मंग साडी नेसून ये. हातातली पिशवी पन आन. त्यो तुला कापडं बदलायला टाइम देनार हाय का?"

तेव्हापासून आम्ही साडीत पडलो, साडीत उठलो, साडीत पळालो. निऱ्या डाव्या हातानं एका झटक्यात वर कशा घ्यायच्या हे त्या माणसानं आम्हाला शिकवलं, आणि शिकवताना मान खाली घालून स्वतःच्या लुंगीवर करून दाखवलं. कुणी हसलं नाही. मनगट धरलं तर नुसतं ओढायचं नाही, हे त्यांचं दुसरं शिकवणं. "पंजाला दार असतंय. आंगठा. चार बोटांशी झुंजू नको, दारातनं भायेर ये." मी ते पहिल्यांदा केलं आणि माझा हात त्यांच्या लोखंडी पंजातून अलगद बाहेर आला, तेव्हा मला रडू फुटलं. ते तोंड फिरवून गोणीचा उसवलेला टाका बघत बसले.

ओरडणं मात्र आम्हाला काही केल्या जमेना. अकरा बायका, त्यांतल्या सातआठ तरी पांढरपेशा घरातल्या. "वाचवा" म्हणतानासुद्धा आम्ही शेजाऱ्याकडे विरजण मागायला गेल्यासारखं म्हणायचो. फिटर महिनाभर ऐकत राहिले आणि एका रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्हाला करंजाच्या बंदरावर घेऊन गेले. होड्या लागल्या होत्या, धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता. त्यांची मावशी तिथे मासळीची पाटी घेऊन बसलेली, सत्तरीच्या घरातली. फिटर तिला म्हणाले, "मावशे, या तायांना वरडाला शिकव."

मावशीनं आम्हाला नीट न्याहाळलं. "कनाला? यांना कोन मारतंय का?"

"मारल कोनी तर."

म्हातारी उठली. तिनं माझ्या पोटावर, बेंबीच्या खाली, आपला ओला तळवा दाबून धरला. "हितून वरड. गल्यातून नको. गल्यातून पोर रडतंय." आणि तिनं स्वतः एक हाक दिली. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होडीतल्या माणसानं मान वर करून बघितलं. त्या दिवशी खारवलेल्या मासळीच्या वासात उभ्या राहून आम्ही एकेकीनं हाका दिल्या. सिस्टरांचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. माझा सगळ्यांत शेवटी निघाला, पण निघाला.

त्यांचा नियम एकच होता. दुखायला लागलं की जमिनीवर दोनदा थापटायचं, आणि समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. एकदा सिस्टरांचा भाचा सरावाला मदत करायला आला होता. कॉलेजात जाणारा, चांगला धट्टाकट्टा. त्यानं एकीचा हात पिरगाळला, तिनं थापटलं, आणि त्यानं गंमत म्हणून आणखी क्षणभर धरून ठेवला. फिटर उठले, गिरणीचं दार उघडलं आणि त्याच्या चपला त्याच्या हातात दिल्या. सिस्टरांनी रदबदली केली, मुलानं माफी मागितली. काही उपयोग झाला नाही. "ज्याला सोडता येत नाय," ते म्हणाले, "त्याला धराया शिकवलं तर पाप मला लागल."

शालिनी आमच्यात आली ती पावसाळा संपता संपता. जुन्या पनवेलमध्येच राहायची, नवरा एका गुदामावर देखरेखीला. सव्वीस-सत्तावीसची असेल. रस्त्यानं जायची भीती वाटते, म्हणून आले, असं तिनं सांगितलं. फिटरांनी तिला नेहमीप्रमाणे गोण्यांवर उभं केलं आणि खांद्याला हलकासा धक्का दिला.

ती पडली. हनुवटी छातीशी, पाठ गोल, एक हात डोक्यामागे. आम्हाला जे चार महिने जमलं नव्हतं ते तिनं पहिल्या धक्क्यात केलं. एकजण कौतुकानं म्हणाली, "अगं, तुला तर येतंच की!"

फिटरांनी तिला हात धरून उठवलं नाही, ते दोन पावलं मागे सरकले, आणि तिचं ती उठेपर्यंत थांबले. मग आम्हाला सगळ्यांना म्हणाले, "आज बस. घरी जा." वर्ग सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी सिस्टरांना थांबवून घेतलं. मी जवळच होते. "शिस्टर," ते हळूच म्हणाले, "ती घरीच शिकलीय."

त्या दिवसानंतर फिटर बदलले. त्यांच्या विद्येचा सगळा भर पळण्यावर, आणि पळून जायचं तर कुठे, हा प्रश्न आजवर कुणी त्यांना विचारलाच नव्हता. शालिनीनं एकदा विचारला. "रस्त्यावर सुटलं की घर असतं, फिटर. घरात सुटून कुठं जायचं? आणि घरात थापटलं तर कोणी सोडत नाही."

पुढच्या रविवारी फिटर शालिनीच्या घरापासून गिरणीपर्यंतच्या गल्ल्या स्वतः चालून आले. कुठे कुत्री असतात, कुठे बोळ बंद होतो, हे बघून घेतलं. तिला ती वाट बाजाराच्या निमित्तानं सात-आठ वेळा चालायला लावली. गिरणीच्या मालकाकडून दुसरी किल्ली मागून घेतली आणि ती समोरच्या पोहे गिरणीतल्या बाईकडे ठेवली. आपल्या बायकोलाही विचारून ठेवलं, हे मला नंतर कळलं. ती माउली म्हणाली होती, "मागची खोली झाडून ठेवते."

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी सकाळी आमचा वर्ग चालू असताना शालिनी धावत आली. पायांत काही नव्हतं. मनगटावर वळ उठलेले आणि ओठ फुटलेला. "सुटले," ती म्हणाली आणि गोण्यांवर बसली. सिस्टरांनी तिला मागच्या कोनाड्यात नेलं. फिटर दारात जाऊन उभे राहिले.

नवरा पाचच मिनिटांत आला. धिप्पाड माणूस. "माझी बायको आत आहे," तो म्हणाला. "बाजूला हो."

"हाय," फिटर म्हणाले. "पन तिला येयाचं नाय."

त्यानं फिटरांच्या कानशिलात मारली. फिटर पडले, जसं आम्हाला पडायला शिकवायचे तसे, आणि उठून पुन्हा दारात उभे राहिले. त्यानं पुन्हा मारलं. ते पुन्हा पडले, पुन्हा उठले. त्यांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या माणसानं दाराचा लाकडी अडसर उचलला आणि त्यांच्या त्या खाली असलेल्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते तरीही उठले, एका हातानं चौकट धरून.

मग सिस्टर ओरडल्या. आणि आम्ही सगळ्याच ओरडलो. पोहे गिरणीतली माणसं धावत आली, तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका आल्या. नवरा मागे हटला. जाता जाता त्यानं स्वतःचाच सदरा टरकावला आणि सरळ ठाण्यावर जाऊन तक्रार दिली की, या माणसानं माझ्या लग्नाच्या बायकोला फूस लावून पळवलं आणि मी विचारायला गेलो तर जपानी मारामारी करून मला मारलं.

इथवरचं सांगायला सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, जबाब द्यायला चल, जितक्या जास्त जणी तितकं बरं. मी आतल्या खोलीत होते. वडील त्यांना म्हणाले, "हिची सरकारी नोकरी आहे. लग्न ठरायचंय. बायका पळवण्याच्या खटल्यात हिचं नाव नको." मग सिस्टरांनी मलाच हाक मारली. मी दारात आले आणि म्हणाले, "मला बरं नाहीये."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी ठणठणीत होते. अकरांपैकी दोघींनी जबाब दिला, सिस्टरांनी आणि एका शाळेतल्या शिपाईबाईंनी. बाकीच्या नऊजणींना बरं नव्हतं.

गिरणीच्या मालकानं कुलूप बदललं. शालिनी दोन महिने फिटरांच्या घरी मागच्या खोलीत राहिली आणि मग सिस्टरांच्या ओळखीनं अलिबागकडच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. फिटरांवरचा खटला मात्र चालत राहिला. गावात नको ते बोललं गेलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली. माहेर-सासर दोन्ही नवीन पनवेललाच, पण जुन्या पनवेलला जायचं झालं तर मी तळ्याच्या बाजूनं जात नसे.

चार वर्षांनी भाजीबाजारात सिस्टर भेटल्या. त्यांनी जुनं काही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी तारीख आहे. शिपाईबाई वारल्या. वकील म्हणतो, शालिनीला फूस लावली असंच म्हणतात, तिचं ऐकणार नाहीत; मी त्यांच्याच कारखान्यातली, माझ्या एकटीच्या साक्षीवर कोर्ट विश्वास ठेवणार नाही."

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, मी आजारी असल्याचं सांगितलं होतं तेसुद्धा. तो म्हणाला, "मंगळवारी मुलीला मी सांभाळतो."

कोर्टात फिटर शेवटच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. केस पांढरे झाले होते आणि तो खांदा आणखी खाली आला होता. शालिनीही आली होती. तिच्या नवऱ्याच्या वकिलानं मला विचारलं, "चार वर्षं कुठे होतात तुम्ही?"

"घरी. घाबरले होते."

"आणि आता घाबरत नाही?"

"आताही घाबरतेच आहे."

"हा माणूस जपानी मारामारी शिकवतो. आणि तुम्ही म्हणता त्यानं नुसता मार खाल्ला. कोणाला पटेल हे?"

"त्यांना मारता येतच नव्हतं," मी म्हणाले. "त्यांना अर्धंच येत होतं." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "म्हणजे काय? नीट सांगा." मी नीट सांगितलं. जपानी इंजिनिअरपासून अडसरापर्यंत सगळं.

महिनाभरानं निकाल लागला. फिटर सुटले. त्या दिवशीही मी गेले होते. कोर्टाच्या फाटकाबाहेर टपरीवर त्यांनी चहा सांगितला, मला आणि स्वतःला. सिस्टर आणि शालिनी वकिलाशी बोलत मागेच थांबल्या होत्या.

"ताय," ते म्हणाले, "तू त्या दिशी साक्षीत एक चुकीचं बोललीस."

"काय?"

"मला मारता येत नाय, असं. आगं, पंचवीस वरसं हातोडा मारतंय मी. एक ठोसा पुरला असता त्याला."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "मग?"

"मंग त्यो दवाखान्यात पडला असता. आनि सगल्यांनी शालिनीलाच सांगितलं असतं, जा, नवऱ्याची सेवा कर." त्यांनी बशी खाली ठेवली. "गेली असती ती."

मग चार वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं म्हणून टाकलं, "फिटर, मी तेव्हा आले नाही. खोटं सांगितलं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे गं, झालं गेलं. ते तसं म्हणाले नाहीत. "म्हाईत हाय," ते म्हणाले. "राग आला व्हता. माज्या पोरीचं ठरलेलं लगीन ह्या खटल्यापायी मोडलं तवा तर लय आला." आणि थोडं थांबून, "आजून हाय जरा. जाईल तवा सांगीन."

चहा संपवून ते उठले आणि गावाकडच्या बसच्या रांगेला लागले.

त्यानंतर दीडेक वर्ष झालं असेल. एका रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. मी दार उघडलं तर फिटर उभे. तीन जिने चढून दम लागलेला, हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका. मी आत या म्हणाले, पण ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताय," ते म्हणाले, "गेला बरं का."

"कोण गेलं?"

"राग," ते म्हणाले. मग चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.